लिहून घेतलं, दादा

माझ्या थोरल्या भावाशी मी बरीच वर्षं एकच खोटं बोलत आलो. "लिहून घेतलं, दादा," एवढंच ते खोटं. त्यातून मला काही मिळवायचं नव्हतं. फोन लवकर ठेवता यावा म्हणून बोलायचो. पण इतक्या वेळा बोललो की आपण खोटं बोलतोय हेच मला आठवेनासं झालं. आठवलं तेव्हा दादाची वाचा गेलेली होती.

दादा कन्हेरीला शेती करतो. मी इंदापुरात राहतो आणि लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत क्वालिटीच्या खात्यात आहे. आमच्या वयात बरंच अंतर. वडील लवकर गेले, त्यामुळे शाळेत माझं नाव घालायला दादाच आला होता, आणि दहावीचा निकाल बघायला सायकलवरून बारामतीला तोच गेला होता. येताना सगळे पेढे आणतात, त्यानं भेळ आणली. मला पेढे आवडत नाहीत हे घरात त्याच्याशिवाय कुणाच्या लक्षात नव्हतं. कुणाला काय खावंसं वाटतं, हे त्याच्या लक्षात राहायचं. हे मी आत्ता सहज लिहून गेलो, पण पुढं त्याचा संबंध येणार आहे.

दादाचा ऊस पाटपाण्यावर आहे. मध्ये त्यानं ठिबक केलं होतं, पण उंदरांनी नळ्या कुरतडल्या आणि तो वैतागून परत पाटावर आला. पाटानं पाणी द्यायचं म्हणजे दारं धरावी लागतात. पाणी एका सरीत सोडायचं, ती भरेपर्यंत उभं राहायचं, भरली की खोऱ्यानं माती ओढून तिचं तोंड बंद करायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. काम जड नाही, पण सोडून जाता येत नाही. एक सरी भरेपर्यंत माणसाला करायला काही नसतं. त्या वेळात कुणी तंबाखू मळतो, कुणी बांधावर बसून शेजाऱ्याच्या उसाला नावं ठेवतो. दादा मला फोन लावायचा.

त्याचा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असे, शर्टाच्या खिशात, स्पीकर लावून. त्यामुळे त्याच्या बोलण्यामागं कायम पाण्याचा आवाज यायचा. नमस्कार-चमत्कार काही नाही. "बारक्या, एक इचार आलाय," अशी सुरुवात. मी पन्नाशीला आलो तरी बारक्याच. विचार सांगून झाला की म्हणायचा, "माझ्या हाताला चिखल हाय. तू लिवून घे." मी म्हणायचो, "लिहून घेतलं, दादा." मग तो म्हणायचा, "सरी भरली, ठिवतो." आणि फोन बंद.

विचार काही जग बदलणारे नसत, हे आधीच सांगितलं पाहिजे. निम्मे तर हसण्यावारी नेण्यासारखेच होते. नांगरट चालू असताना बगळे ट्रॅक्टरमागं येतात, तर कुणाच्या ट्रॅक्टरमागं जास्त बगळे येतात याची शर्यत जत्रेत लावावी, असा एक. लग्नात वाढप्यांना सगळ्यात आधी जेवायला बसवावं, म्हणजे काय चांगलं झालंय ते त्यांना ठाऊक असेल आणि शेवटच्या पंगतीलाही ते तेच गरम-गरम, आग्रहानं वाढतील, असा एक. काही विचार मात्र ऐकताना मी क्षणभर थांबायचो. देवळापुढच्या कट्ट्याला टेकायला पाठ करावी, असं तो एकदा म्हणाला. म्हातारी माणसं तिथं दिवसभर बसतात, आणि उठताना कंबर धरतात. "कट्टा बांधणारा जवान असतो बारक्या, त्याला काय ठावं?"

मी ऐकायचो, म्हणजे कानाला फोन लावून असायचो. सकाळी फोन आला तर मी बसमध्ये असायचो, संध्याकाळी आला तर टीव्हीसमोर. कंपनीतल्या जेवणाच्या सुट्टीत आला तर मित्रांना खूण करून, भुवया उडवून, एक हात तसाच डब्यात ठेवून ऐकायचो. लिहायला काहीच अडचण नव्हती. खिशाला पेन कायम असे. क्वालिटीच्या माणसाच्या खिशाला पेन नसला तर त्याला गेटवर ओळखणार नाहीत.

याहून मोठी गोष्ट पुढंच आहे. कंपनीत माझं कामच लिहून घेण्याचं होतं. आमच्याकडे सूचनांची योजना आहे. मशीनवरच्या कामगाराला काही सुचलं तर तो मला सांगतो, आणि मी ते कार्डावर लिहितो. काय सुचलं, कुठं सुचलं, का सुचलं, असे रकाने असतात. मुलं लाजतात, अडखळतात, म्हणतात जाऊ द्या साहेब, साधंच आहे. मी त्यांना सांगतो, साधं असलं तरी सांग, लिहिलं नाही तर उद्या तुलाच आठवणार नाही. हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल. आमच्या खात्यात न लिहिलेलं काम केलेलं धरत नाहीत. आणि घरचा माणूस चिखलाच्या हातांनी दारं धरत सांगत होता, त्याचा एक शब्द मी उतरवला नाही.

का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. कंटाळा होता, हे खरं. पण खोलात गेलो तर असं दिसतं की दादा कायम असणारच आहे, असं मी धरून चाललो होतो. त्याचं बोलणं लिहून ठेवावं लागेल, हा विचारच डोक्यात आला नाही. पाटाला पाणी येतं तसा त्याचा फोन येत राहणार होता.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. सकाळी दादा जनावरांना वैरण टाकायला गेला आणि गोठ्यातच बसला. वहिनींना वाटलं चक्कर आली. त्यांनी हाक मारली तर त्यानं काहीतरी उत्तर दिलं, पण ते शब्द नव्हते. बारामतीला नेईपर्यंत उजवा हात आणि पाय लुळे पडले होते. डॉक्टर चांगले होते, वेळेवर आणलंत म्हणाले. पाय हळूहळू सुधारेल, हाताला वेळ लागेल, बोलण्याचं सांगता येत नाही.

घरी आला तेव्हा त्याच्याकडे दोनच शब्द शिल्लक होते. व्हय आणि न्हाय. वहिनींना बोलवायला तो एक हुंकार द्यायचा, तो त्या ओट्यापाशी असल्या तरी ओळखायच्या. त्याला कळत सगळं होतं. कोण आलं, कोण उगाच आलं, कुणाचा ऊस तुटून गेला, सगळं. नुसतं बाहेर काही येत नव्हतं. शेजारचे तात्या भेटायला आले आणि नेहमीच्या सवयीनं मोठ्यांदा बोलू लागले, तेव्हा दादानं डाव्या हातानं आपल्या कानाकडं बोट दाखवलं आणि मान हलवली. कान शाबूत आहेत, असं. तात्या ओशाळले, दादा हसला, आणि त्या हसण्यात ओठाची एकच बाजू वर गेली.

बारामतीला एक बाई त्याच्याकडून बोलण्याचा सराव करून घेत. मीही एकदा बरोबर गेलो होतो. त्या म्हणाल्या, माणूस जे पुन्हा पुन्हा बोललेला असतो ते शब्द आधी परत येतात. यांना कशावर बोलायला आवडायचं? त्यावरचं काही असेल तर वाचून दाखवा. त्यांनी स्वतः लिहिलेलं, सांगितलेलं, काहीही.

दादानं माझ्याकडे बघितलं. डावा हात उचलला, माझ्याकडे बोट केलं, आणि लुळ्या उजव्या हाताच्या तळव्यावर डाव्या हाताच्या बोटानं लिहिल्यासारखं केलं. मग एक बोट वर धरलं. परत लिहिलं. परत एक बोट.

वहिनी म्हणाल्या, हे असंच घरीपण करतात, आठ दिवस झाले. पाणी पाहिजे का, कागद पाहिजे का, सगळं विचारून झालं. न्हाय म्हणतात आणि रागावतात.

मला मात्र लगेच कळलं. वही मागत होता तो. माझ्याकडे असलेली त्याची वही. इतकी वर्षं जे सांगितलं ते सगळं बारक्याकडे लिहिलेलं आहे, स्वतःला बोलता येत नसलं तरी बारक्याच्या वहीत आपले शब्द ठेवलेले आहेत, या भरवशावर तो होता. आणि त्यातला एक विचार त्याला आत्ता हवा होता.

मी म्हणालो, "दादा, तू सांगितलेलं मी लिहून ठेवलंय, ते पाहिजे ना?"

"व्हय," तो म्हणाला. इतक्या जोरात, की त्या बाईसुद्धा हसल्या.

तिथं खरं बोलायला जागा होती. मी म्हणालो, वही इंदापूरला आहे, पुढच्या रविवारी घेऊन येतो.

घाई का होती तेही सांगतो. उसाच्या लागणीचे दिवस आले होते. रान तयार होतं, सऱ्या पाडून झाल्या होत्या, नर्सरीत रोपं सांगितलेली होती. दादाला रानातल्या कुठल्या तरी गोष्टीबद्दल सांगायचं होतं, आणि ती लागण व्हायच्या आत सांगायची होती, एवढं वहिनींच्या लक्षात आलं होतं. रोपांचा विषय निघाला की तो एक बोट वर करायचा. पुढं काही नाही. वहिनींना त्यातलं काही माहीत नव्हतं. मी त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "आमाला कुठं सांगत्यात भावजी. मी म्हणायची, सुचलंय तर करा की आजच. म्हणून मग तुमाला फोन."

इंदापूरला आलो आणि बसस्थानकाजवळच्या दुकानातून एक जाड वही घेतली. आमच्या क्षेत्रात एक विद्या असते. ती कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना येते. ऑडिट जवळ आलं की राहून गेलेले रकाने मागच्या तारखा टाकून भरायचे. एकाच पेननं भरले तर उघड दिसतं, म्हणून पेन बदलायचे. अक्षर मध्येच घाईचं काढायचं, एखाद्या पानावर चहाचा थेंब पडू द्यायचा. मी ती विद्या घरी आणली. दादाची वही तयार करायला बसलो.

बायकोनं बघितलं. म्हणाली, "चार-चार पेन घेऊन बसलाय, आपल्या घरी ऑडिट हाय का उद्या?" मी तिला सगळं सांगितलं. तिनं वही ओढून पानं चाळली. मग म्हणाली, ते वाढप्यांचं लिहिलंत का, तुम्ही जेवताना सांगून हसला होतात. ते मला आठवतच नव्हतं. ते तिच्यामुळं वहीत आलं.

त्या दिवसांत मला एक गोष्ट कळली. मला दादाचे जे विचार आठवत होते, ते बहुतेक मी दुसऱ्या कुणाला तरी हसवायला सांगितलेले होते. बाकीचे गेले होते. आपली आठवण आपल्या सोयीचं तेवढंच राखून ठेवते. ज्यात आपला काही संबंध नाही, ज्याचा आपल्याला उपयोग नाही, ते ती बिनबोभाट सोडून देते. कागदाला अशी आवडनिवड नसते. म्हणून दुसऱ्याचं म्हणणं असो की आपलं स्वतःचं, आलं तेव्हाच उतरवून ठेवावं लागतं. नंतर आठवून लिहिलं तर त्यात लिहिणाऱ्याचाच चेहरा उतरतो. त्या वहीत पान भरायला मी काही विचार दादाच्या नावानं रचलेसुद्धा. खताबद्दल, बियाण्याबद्दल, शेतकऱ्यानं म्हणावेत असे शहाण्यासारखे विचार. ते लिहिताना लाज वाटली, पण हात थांबला नाही.

एक बोट कशाचं, हे मात्र आठवता आठवेना. पुष्कळ ताण दिल्यावर एवढं आठवलं की 'एक सरी' असं काहीतरी तो एकदा म्हणाला होता. उसाच्या रानात एक सरी बिनउसाची ठेवायची. का, ते आठवेना. कंपनीच्या कार्डावर 'का' चा रकाना मी कधी रिकामा सोडू दिला नाही. इथं माझ्याकडे 'काय' होतं, तेही अर्धंच. मग मी कारण बनवलं. लिहिलं, 'उसाच्या रानात मधली एक सरी मोकळी सोडावी, म्हणजे हवा खेळेल आणि उजेड आत जाईल.' वाचायला बरं वाटलं. एखाद्या शेतीच्या मासिकात शोभेल असं.

रविवारी निघालो. भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. मळीच्या वासात गाडी बंद करून बसलो. शेजारच्या सीटवर वही. ही रांग संध्याकाळपर्यंत हलू नये, असं मला मनापासून वाटत होतं. हलली.

दादा पलंगावर पाठीला उशा लावून बसला होता. दाढी केली होती. वहिनी म्हणाल्या, वही येणार म्हणून सकाळीच करायला लावली. मी वही त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं ती डाव्या हातानं उघडली, पानांवरून हात फिरवला, आणि मला वाच अशी खूण केली.

बगळ्यांच्या शर्यतीला तो हसला. व्हय. कट्ट्याला पाठ. व्हय, व्हय. वाढप्यांचं ऐकून वहिनी म्हणाल्या, हे पटलं बघा. दादाचे डोळे ओले झाले होते. आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणूस इतका सुखावतो, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. मग खताचा एक विचार आला. दादाचा चेहरा गोंधळला. "न्हाय." पुढचा बियाण्याचा. "न्हाय." मी घाईनं पान उलटलं आणि एका सरीचं वाचायला घेतलं.

तो पुढं झुकला. डावं बोट वर केलं. एक. हेच. मी वाचलं, हवा खेळेल आणि उजेड आत जाईल.

"न्हाय," तो म्हणाला.

मी परत वाचलं, का कुणास ठाऊक. "न्हाय. न्हाय." त्याचा आवाज चढला. ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, शब्द येत नव्हता. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमीच लिवलंय न्हवं? मग पुढचं वाचा की, पुढं आसंल." पुढं काही नव्हतं.

दादानं वही माझ्या हातातून घेतली. नाकाजवळ नेली आणि वास घेतला. नव्या वहीला जो वास असतो, तो तिला होता. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला सोसलं असतं. त्यानं वही मिटली आणि उशीखाली ठेवली, मला परत दिली नाही. मग भिंतीकडे तोंड करून पडला. मी चहा न घेता निघालो. तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

त्या आठवड्यात लागण झाली. वहिनींचा फोन आला की रोपं थोडी कमी पडली, बांधावरच्या कडुलिंबाकडच्या शेवटच्या काही सऱ्या राहिल्यात, नर्सरीवाला सोमवारी देतो म्हणाला. रविवारी दिवसा मोटारीला लाईट आहे, पाणी द्यायला येता का? मी गेलो. दारं धरायला म्हणून गेलो. मनात दुसरं काय होतं ते मला माहीत होतं.

दादाला रानात यायचं होतं. गाडीतून बांधापर्यंत आणला, मग वहिनींच्या खांद्यावर हात टाकून तो चार पावलं चालला आणि लिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला. वहिनी जनावरांकडे परत गेल्या. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरलो. बऱ्याच वर्षांनी. पहिल्याच सरीचं तोंड बंद करताना माती वाहून गेली आणि दादानं डाव्या हातानं दाखवलं, आधी मोठं ढेकूळ टाक, मग बारीक माती. तसं केलं तर पाणी थांबलं.

मग पुढची सरी भरू लागली आणि मला करायला काही उरलं नाही. तो रिकामा वेळ मी पहिल्यांदा अंगावर घेतला. पाणी रोपांच्या मधून सावकाश पुढं सरकत होतं, तोंडाशी पाचटाचा कचरा आणि फेस घेऊन. पाय गार, डोकं उन्हात. हात चिखलानं भरलेले. अशा वेळी माणसाच्या मनात काय काय येत असेल, आणि ते सांगायला कुणीतरी असावं असं त्याला किती वाटत असेल, हे मला तिथं उभं राहून समजलं.

दादानं हुंकार दिला. मी त्याच्याजवळ गेलो. तो रिकाम्या राहिलेल्या सऱ्यांकडे बोट दाखवत होता. मग एक बोट. एक सरी. मी म्हणालो, व्हय दादा, एक सरी, कळलं, पण कशाला?

त्यानं डोळे मिटले. ओठ जुळवले, सोडले, परत जुळवले. बाईंनी शिकवल्याप्रमाणे मांडीवर बोटानं ठेका धरला.

"आ... ई," तो म्हणाला.

मी थांबलो. तो पुन्हा ठेका धरून बसला. आणि मग एक शब्द सबंध आला, कुठंही न तुटता.

"शेंगा."

आणि तो फोन मला आठवला, पाण्याच्या आवाजासकट. आमची आई शेवटच्या आजारपणात काही खात नव्हती. एक दिवस म्हणाली, भुईमुगाच्या ओल्या शेंगा उकडून दे. आमच्या सबंध रानात ऊस, बांधापासून बांधापर्यंत. दादा गावभर फिरला, मग बारामतीच्या मंडईत गेला, शेंगा मिळवल्या. त्या उकडून तिच्यापुढं ठेवल्या तेव्हा तिची खायची इच्छा गेलेली होती. त्याच्या पुढच्या वर्षी, मी टीव्हीसमोर असताना, त्याचा फोन आला होता. म्हणाला होता, बारक्या, एवढ्या रानात माणसाला चार शेंगा न्हाईत म्हंजी काय. दर लागणीला एक सरी बिनउसाची ठिवायची. घरात नायतर शेजारी, जे कोण आजारी आसंल, त्याला इचारायचं तुला काय खावंसं वाटतंय. आन त्या सरीत ते लावायचं. मी टीव्हीचा आवाज कमी न करता म्हणालो होतो, लिहून घेतलं, दादा.

मी त्याच्यापुढं खाली बसलो आणि हे सगळं त्याला म्हणून दाखवलं. आई, शेंगा, आजारी माणूस, त्याला विचारायचं, त्या सरीत लावायचं. प्रत्येक तुकड्याला तो व्हय म्हणत गेला, हळू होत गेलेल्या आवाजात. शेवटी मी विचारलं, यंदा आजारी तूच आहेस, तुला काय खावंसं वाटतंय? तो ओठाच्या एका बाजूनं हसला आणि म्हणाला, "शेंगा."

मागं सरी भरून पाणी पलीकडच्या सरीत उतरत होतं. त्याला ते दिसत होतं. मलाही आवाज येत होता. सरी भरली, अशी खूण त्यानं केली नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मग मी चिखलाचे हात तसेच त्याच्या गुडघ्यावर ठेवले आणि म्हणालो,

"दादा, मी कदीच कायबी लिवून घेतलं न्हाय. येकबी न्हाय. दर येळंला घेतलं म्हनलो, ते खोटं हुतं. ती वही मी आत्ता बसून केली, त्यातलं निम्मं माझ्या मनचं हाय. तू चिखलात हुबा राहून सांगत हुतास, आन मी फोन ठिवायची वाट बघत हुतो. माझं चुकलं, दादा. मला माफ कर."